पाणी चालतं

खोक्यावर लिहिलं होतं, पाण्याने काही होत नाही.
सीताबर्डीच्या दुकानदाराने खरंच ग्लासभर पाणी ओतलं टॅबवर
आणि शर्टाच्या बाहीने पुसून दाखवला.
मी विचारलं, तर्रीने?
तो हसला. तर्रीचं कुठेच लिहिलेलं नव्हतं.

आता नाईक तलावाजवळच्या गल्लीत, आमच्या ओट्यावर,
मिठाची बरणी नि जवसाच्या तेलाचा डबा यांच्यामधे
तो टेकून उभा असतो,
बसा म्हटलं तरी न बसणाऱ्या पाहुण्यासारखा.
सकाळी सातपासून डबे सांगतो.
मानेवाड्याचे चार, एकात रस्सा जास्त.
मेडिकल चौकातले दोन, बिनतिखट.
बिनतिखट सावजी!
मी एकटीच हसते, त्याला ऐकू जातं की काय कोण जाणे.

माझं बोट तो ओळखत नाही.
लसूण सोलून सोलून रेषाच गेल्या,
रेशनच्या दुकानातही अंगठा तीनदा पुसून ठेवावा लागतो.
म्हणून कोपराने सरकवते पान,
हात कणकेत असले तर नाकाने.
वैदेही म्हणते, काकू, काच पिवळी झाली नाकाच्या हळदीने.
होऊ दे म्हटलं, तिचं तरी लग्न लागेल.

नुसतं बोललं तरी त्याला कळतं म्हणाले होते.
मी म्हटलं, सांभार संपला, लिहून ठेव.
त्याने इडल्या दाखवल्या.
भैताड, मी म्हटलं. तेही त्याला कळलं नाही.
जन्मभर सांभार निवडला,
आता त्याच्यापुढे कोथिंबीर म्हणते,
शाळेत साहेब तपासणीला आल्यासारखी.

परवा पातेल्यावरचं झाकण उचललं
नि झाकणाचं पाणी उडालं काचेवर.
पाण्याने त्याला काही होत नाही हे खरं,
पण थेंबालाही तो बोट समजतो.
एक थेंब ओघळत गेला,
इथे दाबत, तिथे दाबत.
रात्री वैदेहीने दाखवलं:
बावीस मिनिटं तो मला बघत होता.

अर्धी हनुवटी. बल्ब. कॅलेंडरचा फडफडता कोपरा.
मग हात.

लोक मसाल्याचं प्रमाण विचारतात, मी सांगते, अंदाज.
त्या हाताकडे बघून वाटलं, कसला अंदाज,
याला तर सगळं पाठ आहे.
दगडफूल आधी नाकाशी, मग तव्यावर.
खसखस सोडताना करंगळी बाहेर.
आणि सगळं झालं की पळी पातेल्याच्या काठावर
टक, टक.
दोनदा.

ही माझी सवय नाही.
ही पंचफुला जाऊबाईंची.
नवी सून म्हणून मी त्यांच्या मागे उभी राहायची,
त्यांनी कधी सांगितलं नाही, मी कधी विचारलं नाही.
चुली वेगळ्या होऊन अकरा वर्षं झाली.
वाटणीत पाटा माझ्याकडे आला, वरवंटा त्यांच्याकडे राहिला,
कोणी कोणाला दिला नाही.
मधे एक विटेची भिंत,
त्यांच्या फोडणीचा ठसका आधी येतो, वास मागून.

वैदेही म्हणाली, जागा भरली काकू, हे पुसून टाकू?
मी म्हटलं, मार्चचे डबे पुसून टाक.
मार्चची उधारी यायची होती अजून.

रात्री नळाखाली धुते त्याला.
आधी जीव खालीवर व्हायचा, आता ताटासारखा धुते,
राख तेवढी लावत नाही.
कडेची तर्री नखाने काढावी लागते,
नखं लाल, काच स्वच्छ.
मग जाळीत, ताटांच्या रांगेत, उभा.

भिंतीपलीकडे उशिरा कोणीतरी जेवायला आलेलं दिसतं.
टक, टक.

काळ्या काचेवरून एक थेंब खाली यायला लागतो
आणि उजेड होतो ओट्यावर.
फडकं माझ्या हातातच आहे.
थांब, बघू दे,
आज कुठे दाबतो.